नाशिकची व्हाइट वाइन आणि मुंबईचं माशांचं ताट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे दादरला रविवारी मासे असले की फ्रिजमध्ये नाशिकची एक बाटली असते. जेवायला येणारे नातेवाईक, शेजारी आणि ऑफिसातले मित्र गेली कित्येक वर्षं मला तेच तेच प्रश्न विचारत आलेत. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. वाइन म्हटलं की चीज आणि बिस्किटंच हवीत, हा समज मला मनापासून खोडून काढायचा आहे. कसारा घाटाच्या वर पिकणारी ही वाइन घाटाखालच्या आपल्या जेवणाशी छान जुळते, फक्त थोडं बघून निवडावी लागते.

नाशिकची व्हाइट वाइन म्हणजे नेमकी कुठली?

बाटलीवर कंपनीचं नाव मोठं असतं आणि द्राक्षाचं नाव त्याखाली लहान अक्षरात. आधी ते लहान नाव वाचा. नाशिकच्या व्हाइटमध्ये दोन नावं सारखी भेटतात, शेनिन ब्लां आणि सोविन्यों ब्लां. दुकानात 'चेनिन' आणि 'सॉविनॉन' म्हणालात तरी काउंटरवरचा माणूस बरोबर बाटली काढून देतो, त्यामुळे उच्चाराचा संकोच नको.

दोन्ही द्राक्षं मूळची फ्रान्सची. शेनिन लोआर नदीच्या खोऱ्यातलं. दक्षिण आफ्रिकेत ते इतकं रुजलं की तिथे त्याला 'स्टीन' हे स्वतःचं नाव मिळालं. नाशिकला राजीव सामंत यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वाइनची द्राक्षं लावली. त्यांच्या 'सुला' कंपनीच्या पहिल्या वाइन २००० साली बाजारात आल्या, त्या याच दोन जातींच्या. त्याआधी नारायणगावला 'शातो इंडाज' ही वाइन कंपनी होती, म्हणजे महाराष्ट्रातल्या वाइनची गोष्ट नाशिकपासून सुरू होत नाही. पण आज नाशिक, दिंडोरी, निफाड, इगतपुरी या पट्ट्यात 'यॉर्क', 'सोमा', 'व्हॅलोने', 'ग्रोव्हर झांपा' अशा अनेक वाइनरी आहेत आणि 'नाशिक व्हॅली वाइन' या नावाला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे.

आपण बाजारातून आणतो त्याच द्राक्षांची करतात का?

नाही. आपण खातो ती बहुतेक थॉमसन सीडलेस किंवा तिच्यासारखी बिनबियांची, पातळ सालीची आणि टपोरी. वाइनची द्राक्षं लहान असतात, त्यांना बिया असतात आणि साल जाड असते. सुगंध बराचसा सालीत आणि सालीलगत असतो, म्हणून लहान मणी बरा. एकदा वाइनरीत मी शेनिनचा एक मणी तोंडात टाकला होता. आधी साखरेसारखा गोड लागला, मग जिभेच्या दोन्ही कडांना आंबट झोंबला आणि शेवटी दातांत बी कचकन आली. बाटलीतली चव तिथेच अर्धी कळते.

ही द्राक्षं नाशिकलाच का पिकतात? मुंबईसारखाच उकाडा तिथेही असतो ना?

उन्हाळ्यात असतो, पण हिवाळ्यात नाही. दर डिसेंबर-जानेवारीत 'निफाडचा पारा घसरला' अशी बातमी आपण वाचतो, त्यातच या प्रश्नाचं उत्तर आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर आहे. दिवसा ऊन आणि रात्री गारठा असला की द्राक्षात साखर भरत जाते आणि आंबटपणाही टिकून राहतो. रात्री उबदार राहिल्या तर आंबटपणा लवकर उतरतो आणि वाइन सपक होते.

युरोपात द्राक्षवेल हिवाळ्यात झोपते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आसपास फळ देते. आपल्याकडे वेल झोपतच नाही, ती सतत वाढत राहते. म्हणून शेतकरी तिला दोनदा छाटतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता गोडी बार छाटणी. या दुसऱ्या छाटणीनंतर येणारं फळ जानेवारी ते मार्चमध्ये तोडलं जातं. भर पावसात वेलीवर फळ येऊ द्यायचं नाही, हे या सगळ्या वेळापत्रकाचं मर्म आहे. आणि गोडी बाराच्या सुमारास अवकाळी पाऊस आला की बागायतदाराच्या तोंडचं पाणी का पळतं, तेही यावरून समजावं.

व्हाइट वाइन गोड असते की आंबट? 'ड्राय' म्हणजे काय?

द्राक्षातली साखर खाऊन यीस्ट अल्कोहोल तयार करतं. सगळी साखर संपेपर्यंत आंबू दिलं तर वाइन ड्राय होते, म्हणजे गोडवा जवळजवळ नाही. मध्येच थांबवलं तर साखर उरते. नाशिकच्या अनेक शेनिन थोडी साखर ठेवून केलेल्या असतात. पहिल्या घोटाला पिकलेला पेरू, अननस, थोडा मध आणि मागून लिंबू असं काहीसं वाटतं. सोविन्यों बहुतेक ड्राय असते. तिच्यात हिरव्या मिरचीच्या देठासारखा, कापलेल्या गवतासारखा, ढोबळी मिरचीसारखा वास येतो. हा हिरवेपणा पुढे फार उपयोगी पडतो.

माझं आवडतं द्राक्ष विचाराल तर शेनिन. वाइनच्या जाणकारांना तिचा गोडवा कमीपणाचा वाटतो, मला वाटत नाही. आपल्या ताटात मिरची असते आणि तिच्यासमोर तो गोडवा लागतोच.

माशाबरोबर व्हाइटच का?

रेड वाइनमध्ये सालीचा आणि बियांचा तुरटपणा असतो. शिवाय तिच्यात लोह जास्त असेल तर माशाच्या तेलाशी गाठ पडून तोंडात एक उग्र, वशाट चव राहते. ताजा मासाही मग शिळा वाटायला लागतो. व्हाइटचा आंबटपणा मात्र माशावर पिळलेल्या लिंबाचं काम करतो. तळलेल्या तुकडीवर आपण लिंबू पिळतो, त्याच कारणासाठी व्हाइट.

मग कुठल्या माशाला कुठली वाइन?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात, आणि दरवेळी तो थोडा उलटवावा लागतो. मासा कोणता हे नंतर बघा, मसाला कोणता हे आधी. युरोपात मासा लोण्यात किंवा नुसत्या मिठात होतो, त्यामुळे तिथली पुस्तकं माशाच्या नावावरून वाइन सांगतात. आपल्याकडे तेच पापलेट हिरव्या वाटणात भरलं, लाल मसाल्यात तळलं किंवा नारळाच्या कालवणात सोडलं की तीन वेगळे पदार्थ होतात.

बोंबलापासून सुरू करते, कारण मुंबईचा म्हणून एकच मासा सांगायचा तर तोच. ओल्या बोंबलात पाणी फार. कोळणीकडून साफ करून, मधोमध उघडून आणायचे, हळद-मीठ-लिंबू लावून दोन ताटांच्या मध्ये ठेवायचे आणि वर वरवंटा ठेवून द्यायचा. अर्ध्या तासात खालच्या ताटात वाटीभर पाणी जमतं. मग आलं-लसूण, थोडं तिखट, तांदळाचं पीठ आणि रवा. तव्यावरून उतरला की बाहेरून कुरकुरीत, आत जवळजवळ लोण्यासारखा. याच्याबरोबर थंडगार शेनिन घेऊन बघा. रव्याचं तेल तिच्या आंबटपणाने धुऊन निघतं आणि बोंबलाचा आतला गोडसर मऊपणा तिच्या फळासारख्या वासाला जाऊन मिळतो. ही जोडी जमली की बाकीचं पान आपोआप समजतं.

हिरवं वाटण असेल, म्हणजे भरलं पापलेट किंवा पारशी पद्धतीने केळीच्या पानात वाफवलेली पात्रानी मच्छी, तर सोविन्यों. कोथिंबीर, पुदिना, हिरवी मिरची आणि त्या वाइनमधला हिरवेपणा एकाच कुळातले आहेत.

नारळाचं दूध किंवा ओलं खोबरं भरपूर असेल, म्हणजे कोलंबीचं कालवण, तिसऱ्यांचं सुकं, सीकेपी पद्धतीची कोलंबीची खिचडी, तर पुन्हा शेनिन. खोबऱ्याचा स्निग्धपणा अगदी कोरड्या वाइनला बोथट करतो. इथे वाइनला थोडं अंग, म्हणजे तोंडात जाणवणारा भरीवपणा, लागतो.

लाल मसाल्यातली सुरमई किंवा हलवा, म्हणजे तिखट, हळद, चिंच लावून तळलेली तुकडी, हिला थोडी गोडसर शेनिन. अगदी ड्राय बाटली इथे कडवट लागेल.

मांदेली कुरकुरीत तळून डोक्यासकट खायची असतील तर स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची वाइन. मीठ, तेल आणि बुडबुडे यांचं फार छान जमतं. दिंडोरीत 'शांदों'ची वाइनरी आहे आणि 'सुला'चीही ब्रूट मिळते. ब्रूट म्हणजे गोडवा अगदी कमी असलेली.

बांगड्याच्या तिरफळ घातलेल्या आमटीशी मात्र मला कुठलीच वाइन जुळवता आलेली नाही. तिरफळाने जिभेला मुंग्या येतात आणि पुढचे चार घोट वाया जातात. ती आमटी भाताबरोबर खावी, वाइन नंतर प्यावी.

आमचं कालवण झणझणीत असतं. वाइनने तिखटाची आग कमी होते का?

अल्कोहोलने आग वाढते, हे आधी लक्षात घ्या. मिरचीची जळजळ आणि अल्कोहोलची जळजळ एकमेकींना धार लावतात. आराम पडतो तो थंडपणाने आणि साखरेने. म्हणून तिखट ताटाला तीन गोष्टी बघा. बाटलीवर अल्कोहोलचं प्रमाण जितकं कमी तितकं बरं, बहुतेक व्हाइट १२ ते १३ टक्क्यांच्या आसपास असतात. गोडवा थोडा असावा. आणि लाकडी पिंपात मुरवलेली नको. पिंपाची लाकडी, व्हॅनिलासारखी चव आपल्या मसाल्यात कडू होते. डोळ्यांत पाणी आणणारं मालवणी किंवा कोळी कालवण असेल तर मी ग्लास बाजूला ठेवते आणि ताक घेते.

सोलकढी आणि वाइन एकाच जेवणात चालतील का?

एकाच जेवणात चालतील, एकाच घासाला नाही. पदार्थ वाइनपेक्षा जास्त आंबट असला की वाइन पाणीदार लागते. आमसुलं तर आंबटपणात कोणालाही हरवतील. तळलेल्या तुकड्यांबरोबर वाइन संपवावी आणि भाताला सोलकढी घ्यावी. आमच्याकडे हाच क्रम आहे आणि सोलकढीचा मान शेवटी असणंच मला योग्य वाटतं.

आम्ही मासे खात नाही. शाकाहारी ताटाचं काय?

तुमच्यासाठी वाटा कमी नाहीत. कोथिंबीर वडीला सोविन्यों, वर हिरव्या वाटणाचं सांगितलं त्याच कारणाने. अळूवडीत चिंच-गूळ असतो, तिला गोडसर शेनिन. साबुदाणा वडा, बटाटा वडा अशा तळणीला स्पार्कलिंग, पण लसणाची लाल चटणी थोडी हात राखून. वालाच्या बिरड्याला नारळ आणि वालाची कडसर चव आहे, तिथे शेनिन सुरेख लागते. मी पहिल्यांदा हे घेतलं तेव्हा माझ्या मावशीने, जी वाइनला हात लावत नाही, नुसता ग्लासाचा वास घेऊन 'याला बिरड्याच्या फोडणीनंतरचा वास चालेल' असं सांगितलं होतं. ती बरोबर होती.

वाइन पूर्ण शाकाहारी असते ना?

द्राक्ष शाकाहारी असतं, पण वाइन नितळ करण्यासाठी काही ठिकाणी अंड्याचा पांढरा भाग, दुधातलं प्रथिन किंवा माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ वापरतात. व्हाइटसाठी बेंटोनाइट नावाची मातीही वापरली जाते, तिच्यात प्राणिज काही नाही. तुमच्यासाठी हे महत्त्वाचं असेल तर त्या त्या वाइनरीला थेट विचारा.

बिर्याणी, चायनीज?

चिकन बिर्याणीला शेनिन चालते, मटणाला रेड बरी. आपल्याकडच्या चायनीजला, म्हणजे शेजवान चटणीवालं, गोडसर आणि एकदम थंड काहीही.

किती थंड करायची? बर्फ टाकला तर चालेल?

साधारण ८ ते १० अंश. फ्रिजमध्ये दोन-तीन तास ठेवली की काम होतं. पाहुणे दारात आणि बाटली गरम असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून त्यात बाटली बुडवा. नुसत्या बर्फापेक्षा हे कितीतरी लवकर होतं, वीसेक मिनिटांत. कुल्फीवाला मटक्यात बर्फाला मीठ घालतो ते याचसाठी. मे महिन्यात ग्लासात ओतलेली वाइन दहा मिनिटांत कोमट होते, म्हणून थोडी थोडी ओता आणि बाटली परत फ्रिजमध्ये ठेवा. ग्लासात बर्फ टाकला तर चव पातळ होते. त्याऐवजी गोठवलेले द्राक्षमणी टाकून बघा.

मुंबईच्या घरात बाटली ठेवायची कुठे? आमच्याकडे तळघर नाही.

कोणाकडेच नाही. बाटलीचे तीन वैरी आहेत, ऊन, उष्णता आणि तापमानातली चढउतार. गॅसच्या वरचं कपाट आणि खिडकीतला शोकेस या दोन्ही जागा वाईट. फ्रिजचा भाजीचा कप्पा सगळ्यात बरा. बहुतेक नाशिकच्या व्हाइटना आता फिरकीचं झाकण असतं, त्यामुळे आडवी ठेवायची गरज नाही.

हे मी चुकून शिकले. एका एप्रिलात लग्नाच्या वाढदिवसासाठी रस्त्यालगतच्या एका दुकानातून शेनिन आणली. ती पुढच्या काचेच्या फळीवर, दुपारच्या उन्हात उभी होती. घरी उघडली तर रंग फिकट पिवळ्याऐवजी चहासारखा आणि वास शिजवलेल्या सफरचंदाचा. ताटात भरलं पापलेट होतं आणि ग्लासातलं सिंकमध्ये गेलं. तेव्हापासून मी फळीच्या मागची किंवा फ्रिजमधली बाटली मागते आणि बाटली उजेडात धरून रंग बघते.

जुनी वाइन चांगली असं म्हणतात. ठेवून देऊ का?

ही नाही. लोआरची शेनिन कित्येक वर्षं टिकते, पण नाशिकची रोजची शेनिन आणि सोविन्यों ताजेपणासाठीच केलेली असते. बाटलीवरचं साल बघा, दोन वर्षांच्या आतली घ्या आणि घरी आणून लवकर प्या.

दुकानात काय विचारायचं?

मुंबईत 'वाइन शॉप' अशी पाटी असते आणि आत व्हिस्की-रमच्या भिंती असतात, वाइन एका कोपऱ्यात. गोंधळू नका. द्राक्षाचं नाव, साल आणि 'फ्रिजमधली द्या' एवढं पुरतं. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला दुकानं बंद असतात, निवडणुकीच्या आणि काही सणांच्या दिवशीही. बेत आखताना बघून घ्या.

उघडलेली बाटली किती दिवस टिकते? स्वयंपाकात वापरता येते का?

झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस. बाटली ७५० मिलीची, म्हणजे १५० मिलीचे पाच ग्लास. दोघांना दोन दिवस पुरते. उरलेल्या अर्ध्या कपात तिसऱ्या करून बघा. तेलात ठेचलेला लसूण आणि एक हिरवी मिरची परतायची, धुतलेल्या तिसऱ्या शिंपल्यांसकट टाकायच्या, वाइन ओतून झाकण ठेवायचं. तीन-चार मिनिटांत शिंपले उघडतात. न उघडलेले फेकून द्यायचे. वर कोथिंबीर. मीठ आधी घालू नका, शिंपल्यांचं पाणी खारटच असतं. खाली उरलेला रस पावाने पुसून खायचा.

पुरणपोळी किंवा श्रीखंडाबरोबर?

वाइन पदार्थापेक्षा गोड हवी, नाहीतर ती आंबट लागते. त्यासाठी 'लेट हार्वेस्ट' शेनिन मिळते. वेलीवर जास्त दिवस ठेवून द्राक्षात साखर वाढवलेली असते. केशरी श्रीखंडाबरोबर छोटा ग्लास पुरे. पुरणपोळीला मला तूपच हवं.

वाइन तब्येतीला चांगली असते ना?

असं समजून पिऊ नका. अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. गरोदर असाल, यकृताचा त्रास असेल किंवा औषधं चालू असतील तर नकोच. गाडी चालवायची असेल तर एक ग्लाससुद्धा नको. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल इतकी कमी आहे. मी ही वाइन चवीसाठी घेते, जेवणाबरोबर घेते, आणि एक-दीड ग्लासावर थांबते.

घरातल्या मोठ्यांसमोर बाटली उघडायला अवघड वाटतं. काय करावं?

आधी विचारावं. आमच्या सासूबाईंना मी विचारलं होतं, त्या म्हणाल्या, 'तुम्ही घ्या, मला फक्त त्याचा वास माशाच्या ताटात नको.' मग आम्ही ग्लास टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवायला लागलो. ज्या घरात नको असेल त्या घरात उघडू नये. ज्यांना नको त्यांच्यासाठी कोकम सरबत त्याच ग्लासात, तितकंच थंड करून द्यावं.

जून-जुलैत मासेमारी बंद असते. तेव्हा?

तेव्हा सुकी मासळी. सुक्या बोंबलाची चटणी, जवळ्याची किसमूर, भाजलेली सुकट. हे सगळं खारट आणि उग्र असतं, त्याला शेनिन पुरी पडत नाही. ब्रूट स्पार्कलिंग घ्या. खारटपणापुढे तिचा आंबटपणा मऊ होतो आणि बुडबुडे सुकटीचा उग्रपणा जिभेवरून उचलून नेतात. बाहेर धो धो पाऊस, तव्यावर भाकरी आणि ताटलीत कांदा घातलेला जवळा असला की मला दुसरं काही लागत नाही. एक शेनिन मात्र मी फ्रिजमध्ये तशीच राखून ठेवते. नारळी पौर्णिमेला कोळी बांधव समुद्राला नारळ वाहतात, होड्या पुन्हा पाण्यात जातात आणि बाजारात पहिले ओले बोंबील दिसतात. ती बाटली त्या दिवशीची.